एका मादीची शेवटची कात

मी हे लिहावं की नाही, अजूनही नीट ठरत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आठ पायांच्या कोळ्यांवर लिहायचा अधिकार माझ्या मॅडमचा आहे. मी त्यांच्या प्रोजेक्टवरचा असिस्टंट. पण मॅडम म्हणाल्या, "भीती तुला वाटली ना? मग तूच लिही." चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

त्या शुक्रवारी अंधेरीच्या आमच्या लॅबच्या दारात पेस्ट कंट्रोलवाले पंप घेऊन उभे होते आणि माझ्या हातातल्या डबीत एक जिवंत कोळी होता, मादी.

"हिला तू घरी ने," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे मांजर आहे."

"मॅडम, मेली तर?"

"तर आपल्याकडे काहीच उरणार नाही. एसीत ठेवू नकोस. हलवू नकोस. जा."

ही मादी आम्हाला नॅशनल पार्कच्या मुलुंडकडच्या बाजूला एका झाडाच्या सालीवर मिळाली होती. चपटी, सालीच्याच रंगाची. पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी ती जुळत नव्हती. पुन्हा पुन्हा जाऊन शोधलं, दुसरी मिळाली नाही. पण नवी जात आहे असं नुसत्या रंगावरून म्हणता येत नाही. मादीच्या पोटाखाली एक छोटी टणक पट्टी असते, प्रत्येक जातीची वेगळी, कुलपासारखी. ओळख तिच्यावरून पटते. आणि ती पट्टी पूर्ण तयार होते शेवटची कात टाकल्यावरच. आमची मादी अजून वयात आली नव्हती. ती जगून कात टाकेल तरच पेपर, म्हणजे शोधनिबंध, होणार होता.

नाहूरला आमची एक खोली आणि किचन. आईने डबी पाहिली आणि दोन पावलं मागे सरली.

"ह्या काय हाडलंस रे?"

"आई, दोन दिवस फक्त. हात लावू नकोस."

मी भिंतीलगत एका ताटलीत पाणी घातलं, मधोमध वाटी पालथी घातली आणि तिच्यावर डबी ठेवली. मुंग्या येऊ नयेत म्हणून आई साखरेचा डबा असाच ठेवते. ते पाहून ती थोडी निवळली.

"खाता काय ही?"

"जिवंत किडे."

एवढंच बोललो. कात टाकायच्या आधी कोळी खाणं सोडतो, हे तिला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. लॅबमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. त्या काळात डबीत दुसरा जीव सोडायचा नाही, हा लॅबचा पहिला नियम. कात टाकताना कोळ्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. पळता येत नाही, चावता येत नाही. एरवी ज्याला तो खातो, तोच किडा त्याला कुरतडतो.

रविवारी सकाळी मॅडमनी मला त्याच जातीचा नर शोधायला मुलुंडला बोलावलं. दुपारपर्यंत साली तपासल्या. काही नाही. घरी आलो तर आई दारातच.

"रे, किती दिस उपाशी ठेवलंस तिका? काल बघलंय, आज बघलंय, हलाक नाय. मगे एक झुरळाचा पिल्लू घातलंय आत."

मी चपला न काढताच आत शिरलो.

"कधी?"

"तू गेलस तेवा. घरात जीव उपाशी ठेवचो नाय, बाबा."

मी डबीपाशी गेलो, पण बघवेना. आई मागून विचारत होती, "काय झाला? मेला काय?" शेवटी बघितलं. झाकणाच्या कापडाला कात लटकली होती, रिकामी, आठही पायांची. तिच्याखाली मादी पडली होती, पांढरट, ओली. तिचा एक पाय मुळापासून नव्हता. झुरळ तिच्या पोटाशी होतं.

मी चिमटा घेतला, पण हाताला कुठे टेकू नव्हता. जोरात धरला तर तिलाच लागणार, सोडला तर ते पोट कुरतडणार. नेमका तोच भाग आम्हाला हवा होता. आई म्हणाली, "हात टेक रे भिंतीक." मनगट भिंतीला टेकवलं आणि झुरळ उचललं. नंतर मी जमिनीवर बसलो. आईने पंखा बंद केला, वारा लागू नये म्हणून.

मॅडमना फोन केला.

"पाय गेला? जाऊ दे. पोट?"

"दिसत नाहीये, मॅडम."

"मग गप्प बस आणि हात लावू नकोस. अंग टणक होऊ दे."

ती हलेपर्यंत मी जेवलो नाही. आईही जेवली नाही.

लॅब उघडल्यावर मॅडमनी तिला मायक्रोस्कोपखाली धरलं. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. ही शेवटची कात नसेल तर? पट्टी फाटली असेल तर?

"इकडे ये," मॅडम म्हणाल्या. "बघ. अडल्ट आहे. पट्टी अख्खी आहे."

पट्टी दिसली. दोन बारीक कमानी, मधे खोबण. असं चित्र मी कुठेच पाहिलं नव्हतं.

पुढचं काम माझ्याकडे आलं. वर्णन करायचं तर कोळी अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. जिच्यासाठी घरात पंखा बंद होता, तिला मीच बाटलीत सोडलं. आईला हे सांगायला मला बरेच दिवस लागले. ती एवढंच म्हणाली, "मगे वाचवलंस कित्याक?"

त्या रविवारचा कामाचा धडा मात्र साधा आहे: नियम आपल्याला पाठ असतात म्हणून घरच्यांना माहीत असतात असं नाही.

पेपर पाठवल्यावर दुसरी भीती सुरू झाली. कुणीतरी कुठेतरी हीच जात आधीच नोंदवली असेल तर? मेल वाजला की हातातलं काम टाकून मी फोन उघडायचो. मी पुन्हा मुलुंडच्या बाजूला साली तपासत होतो. बाहेर रस्त्यावर आलो, फोनला रेंज आली आणि मॅडमचा कॉल.

"ॲक्सेप्ट झाला. नवी जात आहे."

मी रस्त्याच्या कडेलाच बसलो.

"ऐकतोयस ना? पेपरात आपण लिहिलंय, नर अज्ञात, मादी एकच. आज काही मिळालं?"

"नाही, मॅडम."

"मग अजून तेच खरं," त्या म्हणाल्या. "जगात आपल्याला माहीत असलेली एकच, आणि ती आपल्या बाटलीत आहे."