चातुर्मासात सोडलेली गोळी

माझ्या धाकट्या जावेनं माझा केसानं गळा कापला. हे वाक्य मी कितीतरी महिने मनात घोळवतेय, आज एकदाचं लिहून टाकते. भांडण बांधाचं नाही, वाटणीचं नाही. कोलेस्टेरॉलच्या एका गोळीचं आहे. हसू येत असेल तर खुशाल हसा, मला काही वाटणार नाही.

आम्ही पुणतांब्याच्या. तिच्या आणि माझ्या घरात एक भिंत, पण परसदार एकच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, ती शेतात राबली. ती मला अक्का म्हणते. शुगर आधी माझी निघाली, दोन वर्षांनी तिची. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आम्ही दोघी एसटीनं श्रीरामपूरला जायचो. रिकाम्या पोटी रक्त द्यायचं, स्टँडसमोर इडली खायची, दोन तासांनी परत रक्त द्यायचं आणि मग डॉक्टरांपुढे हजर व्हायचं. डॉक्टर आमच्या पोरांच्या वयाचे, पण चिडले की माझ्यासारखीचीही मान खाली जायची.

संक्रांतीच्या सुमारास त्यांनी आम्हा दोघींना ही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. स्टॅटिन म्हणतात तिला. उन्हाळा लागेपर्यंत माझ्या पोटऱ्या आणि मांड्या अशा दुखायला लागल्या की नदीवर जायचं म्हटलं तर वाटेत दोनदा टेकावं लागे. त्यात तीन महिन्यांची साखर थोडी वर सरकली. जावेनं मोबाईलवर कुणा पांढऱ्या कोटातल्या माणसाचा व्हिडिओ दाखवला. तो तावातावानं सांगत होता, याच गोळीनं शुगर वाढते. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, आमची शुगर कमी करायला येतो आम्ही आणि तुम्ही ती वाढवायची गोळी देता, हा कुठला न्याय?

ते चिडले नाहीत, हे मला कबूल केलं पाहिजे. म्हणाले, "शुगर किंचित वाढते, खरंय बाई. ती मी दुसऱ्या गोळीनं आवरतो. पण शुगर असलेल्या माणसाला हार्टचा धोका जास्त असतो, आणि ही गोळी तो कमी करते. तो फायदा या थोड्या शुगरपेक्षा मोठा आहे. पाय दुखतात तर रक्त तपासू, डोस निम्मा करू, नाहीतर दुसरी देऊ. फक्त मनानं बंद करू नका." रक्त तपासलं, त्यात काही वाईट निघालं नाही. त्यांनी डोस निम्मा केला आणि महिनाभर बघू म्हणाले.

महिना कुठला! आठवड्याभरात आम्ही दोघी परसदारी बसून हिशेब करायला लागलो. मी मास्तरीण, मला सवय. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, इकडे फायदा, तिकडे तोटा. तोट्याची बाजू भरभर भरली. पाय दुखतात, शुगर चढली, अंग जड वाटतं, तोंडाला चव नाही. (चव नाही हे जावेचं, त्याचा गोळीशी काय संबंध देव जाणे.) फायद्याच्या बाजूला एकच ओळ: अटॅक येणार नाही. आणि न आलेला अटॅक कुणी बघितलाय? पाय मात्र रोज दुखत होते. मी बत्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, लस का टोचून घ्यायची हे घरोघरी जाऊन सांगितलं, आणि स्वतःच्या वेळी माती खाल्ली.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. आषाढी एकादशीला बायका चार महिन्यांसाठी काहीतरी सोडतात. कुणी वांगं, कुणी कांदा-लसूण, कुणी पायातली चप्पल. हातावर पाणी घ्यायचं, देवापुढे सोडायचं, की कार्तिकीपर्यंत नेम पक्का. आम्ही दोघी जावा लग्न झाल्यापासून एकच वस्तू मिळून सोडायचो. त्यात आमचा दोघींचा एक नियम होता: जिचा नेम मोडेल तिनं त्याच दिवशी दुसरीला सांगायचं, म्हणजे दुसरीही मोकळी होते. एका वर्षी तिनं कुणाच्या लग्नात चुकून वांग्याची भाजी खाल्ली. संध्याकाळी रडवेली होऊन आली. मी म्हटलं, रडतेस काय, चल, भरीत करू.

तर त्या एकादशीला ती म्हणाली, "अक्का, यंदा वांगं न्हाई सोडायचं. ही गोळीच सोडू. दोघी मिळून. देवाच्या नावानं सोडली म्हंजी वाईट न्हाई व्हायचं."

मी हसले. पण मला ते आवडलं, हे खोटं कशाला सांगू? आपण डॉक्टरांचं ऐकलं नाही, असं वाटायला नको, नेम केला असं वाटायला हवं. दोघींनी हातावर पाणी घेतलं. शुगरची गोळी चालू ठेवली, ही बंद. आणि झालं काय, श्रावणात माझे पाय हलके झाले. नदीपर्यंत न टेकता गेले. मी तिला म्हटलं, बघ गं, तुझ्या डोक्यातून निघालं, पण निघालं बरोबर. ती खूष झाली.

भाद्रपदात दाखवायला जायची वेळ आली तेव्हा मी टाळलं. डॉक्टर विचारणार आणि मला तोंडावर खोटं बोलता येत नाही. घरी पाहुणे आहेत अशी थाप मात्र तिच्यामार्फत पाठवली, तेवढं जमलं मला. ती नवऱ्याबरोबर मोटारसायकलवर गेली. दुपारी आली तेव्हा मी परसदारी वाट बघत होते.

"काय म्हणाले गं?"

"काय न्हाई. समदं नीट हाय म्हनले."

"गोळीचं विचारलं?"

"न्हाई बा," ती म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली.

नवरात्रात मला देवीच्या पायऱ्या चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. थांबलं की कमी व्हायचं. एकदा जबडाही दुखला. मी नवऱ्याला नाही सांगितलं, तिला सांगितलं. मनातलं मी तिलाच सांगते ना! तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "पित्त आसंल अक्का, उपासाचं. जरा दूध घ्या." मी दूध घेतलं. रोज घेतलं, साय काढून.

दिवाळीत चकल्या तळता तळता मला घाम फुटला. चुलीचा म्हणावा तर तो थंडगार होता. डावा हात झिणझिणला, सोऱ्या खाली पडला. नवऱ्यानं गाडीत घालून श्रीरामपूरला नेलं, तिथून नगरला. नळी टाकली, स्टेंट बसवला. वाचले. पण हृदयाचा एक भाग आता नीट हलत नाही, असं रिपोर्टात लिहिलंय. आधी मी पाण्याची कळशी कमरेवर घेऊन यायचे, आता तांब्या उचलते. जाऊ दवाखान्यात रोज डबा घेऊन यायची, माझे पाय चेपायची, रडायची. मला वाटायचं, केवढा जीव आहे हिचा माझ्यावर.

महिन्यानं मी श्रीरामपूरच्या डॉक्टरांना दाखवायला गेले. नवरा बाहेर बसला होता. मी ठरवूनच गेले होते, सगळं खरं सांगायचं. म्हटलं, डॉक्टर, गोळी मी आषाढीपासून घेतलीच नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण तुमच्या जाऊबाई तर म्हणाल्या होत्या, तुमची चालू आहे."

"कधी?"

"त्या एकट्या आल्या होत्या ना, तेव्हा. त्यांनीही बंद केली होती. मी चांगलाच रागावलो, हार्टचं परत समजावलं, त्यांनी माझ्यासमोर दुकानातून घेऊन त्याच दिवशी सुरू केली. मग मी तुमचं विचारलं. म्हणाल्या, अक्कांची चालू हाय, त्या कशाला सोडतील, शिकलेल्या हायत."

 ते पुढे म्हणाले, गोळी चालू असती तर हे झालंच नसतं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण धोका कमी झाला असता. खरा माणूस आहे. आणि पायांसाठी आता दुसरी गोळी देतो म्हणाले, हलकी, ती सोसेल. सोसतेय. म्हणजे तेव्हाच परत येऊन विचारलं असतं तर तेव्हाही सोसली असती! कपाळ माझं. ती चूक माझीच, कुणाच्या पदरात टाकत नाही.

पण भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत किती दिवस होतात ते मी परतीच्या वाटेत मोजत होते. त्या प्रत्येक दिवशी आम्ही एकाच परसदारी भांडी घासली. ती रोज जेवण झाल्यावर गोळी घेत होती आणि मी नेम पाळत होते. छातीत आवळतं म्हणून सांगितलं, तेव्हा तिला माहीत होतं ते पित्त नाही. डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी हार्टचं समजावलं होतं.

घरी आले ती तशीच तिच्या स्वयंपाकघरात गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी चप्पलही काढली नव्हती.

"भाद्रपदात तुझा नेम मोडला?"

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ती म्हणाली, "व्हय."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगनार हुते. रोज म्हनायचे, उद्या सांगू. मग लई दिस झाले, आता कसं सांगू म्हनून ऱ्हायलं."

"ते असू दे. डॉक्टरांना का सांगितलंस माझी चालू आहे म्हणून? त्यांनी तर स्वतः विचारलं होतं. नुसतं नाही म्हणायचं होतं. ते फोन करून मला झापणार, मी घाबरून सुरू करणार, एवढंच झालं असतं."

तिनं मेथीचं ताट बाजूला सारलं. मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "आधीच ते माझ्यावर चिडले हुते, अक्का. तुमची पन मीच सोडायला लावली आसं कळलं आसतं तर अजून बोलले आसते मला. समद्या पेशंटांपुढं."

मला वाटलं होतं मी ओरडेन.  छातीवर हात ठेवून मी तिच्या दारातल्या पाटावर बसले आणि म्हटलं, "अगं, मग बोलू द्यायचं होतंस ना. घरी आल्यावर मी तुला चहा करून दिला असता."