गूळ की मिरची

मी घर सोडलं ते पत्र्याच्या ट्रंकेवर बसून. ट्रंकेत तीन मुकुट, दोन गदा आणि बऱ्याच दाढ्या होत्या. ट्रक निफाड ओलांडून सिन्नरच्या रस्त्याला लागला, तेव्हा मी मान अशी ताठ धरली होती, जणू रथात बसलेय आणि मागं प्रजा रडतेय. मागं प्रजा नव्हती. एक कुत्रं होतं, तेही वेशीपाशी कंटाळून परतलं. वय वर्षं एकोणीस. नाकात ताडपत्रीचा कुबट वास, पायाशी नाटक कंपनीच्या कोंबड्यांची टोपली. त्यातल्या एकीनं माझ्या नव्या चपलेवर जे करायचं ते केलं. आज वाटतं, माझ्या निर्णयावर मिळालेला तो पहिला प्रामाणिक अभिप्राय.

निघताना आई म्हणाली होती, "जायचंच तर जेवून तरी जा." मी जेवले नाही. नाटकातल्या नायिका घर सोडताना भाकरी खातात का? अण्णा उसाला पाणी धरून नुकतेच आले होते, पायाला चिखल, ओट्यावर टेकले होते. माझं भाषण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दार काय कुठं पळून जात नाय. माणूस पळतं." मला ते वाक्य फारच पडेल वाटलं. बापानं अशा वेळी गर्जना करायची असते, छाती बडवायची असते. यांना संवादच म्हणता येत नाहीत, असं मनात म्हणत मी ट्रकवर चढले. एवढी गाढव होते.

हे आज लिहायचं कारण माझ्या लेकीची लेक, सई. ती स्टॉकहोमला नाटकाचा अभ्यास करते. बापाशी भांडून गेली आहे, आणि भांडण अजून मिटलेलं नाही. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं मला एका माणसाची गोष्ट सांगितली. तिकडं दीडशेएक वर्षांपूर्वी एक फिरता नाटकवाला होता म्हणे. बर्फात घसरगाड्यांवर पडदे, पोशाख आणि बायकापोरं लादून गोठलेल्या तळ्यांवरून गावोगाव खेळ करत हिंडायचा. सांगताना हिचे डोळे चमकत होते.

"आजी, किती रोमँटिक! तूही तेच केलंस ना इकडे?"

"त्याच्या कंपनीत मिशा किती होत्या?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"नट किती आणि मिशा किती?"

तिला माहीत नव्हतं. म्हणजे तिला काहीच माहीत नव्हतं.

आमच्याकडे पाच पुरुष नट होते आणि धड मिशी एक. विग हरवला तर टॉवेल गुंडाळता येतो, पण मिशीचं काय करणार? सेनापती विंगेत आला की ती त्याच्या ओठावरून उचकटायची आणि प्रधानाच्या ओठावर दाबायची. सेनापतीचा घाम, प्रधानाची तंबाखू, मधे डिंकाचा थर. उन्हाळ्यात ती मिशी नुसती ठेवली तरी चालू लागेल अशी वाटायची. आणि विगांतल्या उवा! राजाच्या उवा राणीला, राणीच्या दासीला, शेवटी सगळ्यांच्या मला. सई, तुझ्या त्या बर्फात निदान वास तरी गोठत असेल. आमच्याकडे सुरगाण्यापासून सटाण्यापर्यंत तो आमच्या आधी गावात पोचायचा.

मालक, दिग्दर्शक आणि मुख्य राजा एकच, मास्तर. रंगमंचावर उभे राहिले की डोंगर वाटायचे. खाली उतरले की किल्लीनं कान कोरायचे आणि तीच किल्ली कॅशपेटीला लावायचे. भुवया रंगवण्याचं काळं बोटांना राहायचं, त्याच बोटांनी भात कालवायचे. आणि मी त्या माणसाच्या आवाजावर भाळून घर सोडलं होतं. पुढं लग्नही त्याच्याशीच केलं. शी! आठवलं की अजून चूळ भरावीशी वाटते.

पण धंद्यात मास्तर पक्के. आमचं खात्रीनं चालणारं नाटक एकच. पोर घरातून पळून जाते आणि पाच वर्षांनी बापाच्या दारात परत येऊन उभी राहते. त्याला शेवट मात्र दोन होते. एकात बाप दार उघडतो, पोरीला पोटाशी धरतो, सगळे ओवाळतात. दुसऱ्यात बाप दार उघडत नाही. मग पोर उंबऱ्यासमोर भलंमोठं भाषण करते, "या उंबऱ्याला माझा पाय पुन्हा लागणार नाही" अशी शपथ घेते, आणि पडदा. कोणता शेवट करायचा हे मास्तर त्या त्या दिवशी ठरवायचे. पडद्याच्या भोकातून गर्दी बघायची, आणि मेकअपच्या पितळी ताटलीत एकतर गुळाचा खडा ठेवायचा किंवा लाल मिरची. जाणारा-येणारा नट ताटलीकडं बघून घ्यायचा. कुणी कुणाला विचारायचं नाही. ताटली म्हणेल तो शेवट.

पोर मीच असायचे. गोड शेवटात मला फक्त पायावर पडून हुंदके द्यायचे असत. बोलणं सगळं बापाच्या वाट्याला. मिरची असली की भाषण माझं. दोन पानी.

कंपनीत शिरून वर्ष झालं असेल. निफाडला बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ होता. माझं गाव तिथून एस.टी.नं अर्ध्या तासावर. बाजाराची गर्दी, बायकापोरं फार, म्हणून मास्तरांनी ताटलीत गूळ ठेवला. मीही भोकातून पाहिलं. पुढंच माझ्या गावच्या चार पोरी फतकल मारून बसल्या होत्या, भुईमुगाच्या शेंगा सोलत. 'आठ दिवसांत रडत परत येती का नाय बघ' म्हणणाऱ्या त्याच. यांच्यासमोर मी नुसते हुंदके द्यायचे? मी चुलीपाशी गेले, माळेतली एक मिरची तोडली आणि ताटलीत ठेवली. गुळाचा खडा तोंडात टाकला. पुरावाही नाहीसा आणि तोंडही गोड.

बापाचं काम करणाऱ्या विठोबानं ताटली पाहिली, खांदे उडवले, आणि दार उघडलं नाही. मग मी जे भाषण केलं! तसं पुन्हा कधी जमलं नाही. शेंगा सोलणारे हात थांबले. "या उंबऱ्याला माझा पाय पुन्हा लागणार नाही" हे मी अशा आवाजात म्हटलं की बाजारातले बैल बुजले असतील. टाळ्या थांबेनात. मी विंगेत आले ती हवेत तरंगत.

तिथं रहीमचाचा उभे होते. मालेगावचे, कंपनीची कनात शिवायचे आणि खेळाच्या वेळी तिकिटाच्या खिडकीत बसायचे. हातात एक गाठोडं.

"बेटी, हे तुझं."

"कुणी दिलं?"

"तुझ्या वालिदनी. खेळाच्या आधी आले होते. मला बोलले, पिंपळगावात कुणी हा खेळ बघितला, सांगत होता की पोर दारात येती आणि बाप दार उघडतो. तुझ्या पोरीनं तुला निरोपच धाडलाय, बोलला तो. मला पुसलं, आज बी बाप दार उघडतो ना?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी ताटली बघितलेली. बोललो, आज गूळ आहे भाऊ, म्हणजे दार उघडणार, बिनघोर बसा." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "ते बसले नाहीत. पायाला चिखल होता, मागं खांबाला टेकून उभे राहिले."

"मग?"

"मग तू बोलायला लागलीस. संपल्यावर हे खिडकीत ठेवलं आणि बोलले, पोरीचा आवाज चांगलाय. मागपर्यंत ऐकू आलं."

गाठोड्यात आईचं हिरवं लुगडं होतं, परत येणाऱ्या लेकीला नेसवायचं. आणि आमच्या गुऱ्हाळातली गुळाची लहानशी ढेप.

आता सांगते ते कुणाला कधी सांगितलेलं नाही. एस.टी. स्टँड दहा मिनिटांवर होता. मी धावत सुटायला हवं होतं. मी काय केलं? आरशात पाहिलं. काजळ गालांवर फार सुरेख ओघळलं होतं. क्षणभर तेच बघत राहिले. मग म्हटलं, अशा रंगवलेल्या तोंडानं कसं जायचं, आधी मेकअप उतरवू. खोबरेल तेल लावलं, सफेदा पुसला, लुगडं नेसले, वेणी घातली. बापाच्या मागं धावायचं तर प्रवेशाची तयारी करून! स्टँडवर पोचले तेव्हा गाडी गेलेली होती. लोक मला बघत होते. लुगडं मला शोभत होतं म्हणे. थू!

दुसऱ्या दिवशी जाईन म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी खेळ होता. पुढच्या आठवड्यात जाईन म्हटलं, तर लाज वाटायला लागली. त्या लाजेला मी स्वाभिमान म्हणायचे, नाटकात तोच शब्द होता. ती ढेप मास्तरांनी कंपनीच्या सामानात टाकली. चहाला वापरली, आणि पुढं कितीतरी दिवस ताटलीत ठेवायचा खडा माझ्या बापाच्या गुळाचा होता. तो चहा मीही प्यायचे.

वर्षभरानं अण्णा गेले. आम्ही तेव्हा सुरगाण्याकडं डोंगरात होतो. निरोप पोचला तेव्हा तेरावाही उरकला होता. मी गावात गेले, पण घरात गेले नाही. आई विहिरीपाशी आली.

"आत ये."

"शपथ घेतलीय."

"कुणापाशी?"

"नाटकात."

"मंग ती नाटकातल्या उंबऱ्याची आसंल," आई म्हणाली. "ह्यो आपला हाय."

एवढं साधं होतं. पण मला साधं कळत नसे. मी विहिरीवरूनच परतले.

पुढं मास्तरही गेले आणि कंपनी माझ्या गळ्यात आली. आता ताटली माझी. मी मिरची कधीच ठेवली नाही. अकरा महिने, रोज गूळ. गर्दी घटत गेली. जाताना लोक म्हणायचे, मजा नाही राहिली. दुसऱ्याची पोर दाराबाहेर रडताना बघायला माणसांना फार आवडतं. पेठेतले शेठजी असोत की डोंगरातले भातवाले, नाहीतर डोळ्यांना पदर लावून बघणाऱ्या बाया असोत. त्या गर्दीचीही मला किळस यायला लागली. मग गावोगाव व्हिडिओ आले आणि कनात आपोआप मिटली.

मी लेकीला घेऊन नाशकात आले. पंचवटीत एक खोली, सात बिऱ्हाडांत एक संडास. मुकुट आणि गदा होत्याच, त्यांवर ड्रेपरीचं दुकान काढलं. शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्यानं द्यायचे. घरमालकानं विचारलं, "नाटकवाल्या तुम्ही. पुरुष येतात का घरी?" म्हटलं, "येतात की. कुणाला रावण व्हायचं असतं, कुणाला मारुती. तुम्हाला कोण व्हायचंय?"  आई दर संक्रांतीला यायची, फडक्यात बाजरीची भाकरी घेऊन. त्या दिवशी न खाल्लेली भाकरी ती मरेपर्यंत मला आणून घालत राहिली. मला घरी ये म्हणणं मात्र तिनं सोडून दिलं होतं.

आता लेकी-जावयाचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, संडास दोन आहेत. सई, तू कॉल करतेस तेव्हा तुझा बाबा फोनच्या चौकटीबाहेर, दाराच्या आड उभा असतो. तुला दिसत नाही. मला दिसतो. मागपर्यंत नीट ऐकू येतं त्याला. तुझा तो बर्फातला नाटकवाला राहू दे दोन मिनिटं. पुढच्या वेळी म्हण, आजी, फोन जरा दाराकडं वळव.

मागच्या महिन्यात माझ्या भावानं, दत्तूनं, जुनं घर उतरवून त्याच जागी बंगला बांधला. भोवती द्राक्षबाग. वास्तुशांतीला तो स्वतः गाडी घेऊन आला. "अक्का, म्हातारी झालीस, शपथ पण म्हातारी झाली. चल." गेले. दारात आले आणि पाय थबकले. खाली पाहिलं तर उंबरा नाही. नुसती गुळगुळीत फरशी, बाहेरून सरळ आत.

"उंबरा कुठंय रे?"

"आता कोण लावतं, अक्का? सुनेनं ते फिरतं झाडूचं मशीन आणलंय. उंबऱ्याला अडकतं."

एका उंबऱ्यापायी मी आख्खा जन्म विहिरीपाशी उभी राहिले, आणि तो काढला कुणी, तर झाडूनं! पण पाय ऐकेना. मी तो गुडघ्यापर्यंत उचलला, नसलेल्या उंबऱ्यावरून पलीकडं टाकला, आणि पोरंसोरं खदाखदा हसली. हसू दे. माझ्या आयुष्यात टाळ्यांसाठी न केलेला तेवढा एकच प्रवेश.

भावजयीनं रीतीप्रमाणं पाणी आणि वाटीत गुळाचा खडा आणला. खड्यावर मुंगी होती. मला शिसारी आली. मुंगी झटकायला बोट उचललं, मग म्हटलं नको, झटकाझटकी आणि तयारी आजवर फार झाली. मुंगीसकट तोंडात टाकला.

दत्तू पंगतीकडून ओरडला, "अक्का, जेवून जायचं हां!"

बसले जेवायला.