टॉवेलात गुंडाळलेली ढोलकी

आमच्या नाताळच्या फेरीचा एक नियम आहे. तो मीच केलेला. ज्या घरात त्या वर्षी मयत झालंय त्या घरासमोर गाणं म्हणायचं नाही. ढोलकीला टॉवेल गुंडाळायचा, दारात उभं राहून प्रार्थना करायची आणि निघायचं. तीस वर्षं हा नियम चालला. यंदा तो माझ्याच दारात आला. ऑगस्टात माझी बायको वारली.

फेरी म्हणजे काय ते सांगतो. नाताळच्या आधी आमची ख्रिस्ती मंडळी घरोघर जाऊन येशूच्या जन्माची गाणी म्हणतात. जवान लोक रात्री जातात, टेम्पोला दिवे लावून. आमची फेरी म्हाताऱ्यांची, म्हणून दुपारची. रविवारची उपासना झाली, जेवणं झाली की निघायचं आणि दिवे लागायच्या आत आपापल्या घरी. दहाबारा माणसं, एक हार्मोनियम, दोन टाळ, एक ढोलकी. ढोलकी माझी. गाणं उचलायची माझी बायको. म्हणजे दुसरं कडवं सुरू झालं की एकदम वरच्या पट्टीत जायचं, मग बाकीच्यांनी मागून यायचं, ते काम तिचं. आवाज गोड नव्हता. खरखरीत होता. पण गल्लीच्या त्या टोकापर्यंत जायचा.

मला नाताळ लहानपणापासून आवडतो. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या साली माझा जन्म, फुलंब्रीकडच्या एका खेड्यात. आमची वस्ती गावाच्या कडेला. वर्षभर आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पापाची गाणी चालायची. मी पापी, मी मलिन, माझं काय होईल. लहान पोराला त्यातलं काय कळणार. नाताळ आला की मात्र सगळी गाणी बाळाची. त्यात निम्मे तर पाळणेच, बारशाला म्हणतात तसे. बाप ढोलकी वाजवायचा, गावातली बाकीची माणसंही ऐकायला येऊन बसायची, करंजी खाऊन जायची. माझ्या पोटात काहीतरी हलायचं. ते काय, हे मला आजही सांगता येत नाही. पण दरसाल हलायचं.

चौथीनंतर शाळा सुटली. शहरात येऊन शहागंजात पत्र्याच्या ट्रंका बनवायच्या दुकानात लागलो आणि चाळीस वर्षं तिथंच हातोडी मारली. उस्ताद मुसलमान होता. डिसेंबर लागला की माझी हातोडी तालावर पडायची आणि ते त्याच्या बरोबर ध्यानात यायचं.

"क्या रे, तेरी ईद आ गई क्या?" तो ओरडायचा. "ट्रंक बजाने की चीज नै है, बंद करने की चीज है."

पण नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सोडायचा. वर नाताळला दारावर लावायच्या ताऱ्याला लागतील तेवढ्या पत्र्याच्या पट्ट्या कापून द्यायचा.

बायको दवाखान्यात आया होती. माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, सातवी. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत चार माणसांत मला म्हणाली, "अहो, ढोलकी वाजवताय का ट्रंक ठोकताय? जरा हळू." सगळे हसले. मला राग आला होता. पण ती म्हणत होती ते खरं होतं. तेव्हापासून मी तिच्या तोंडाकडं बघून वाजवायला लागलो. उचलायच्या आधी ती मान जराशी मागं घ्यायची. ते दिसलं की मी हात मोकळा सोडायचा.

आम्हाला लेकरू झालं नाही. पाळणा म्हणताना बायका तिच्याकडं बघायच्या. ती त्यांच्याकडं बघत बघत आणखी वर चढवायची.

आता नियम कसा झाला ते. एकदा आम्ही फुलंब्रीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात फेरीला गेलो. टेम्पोतून उतरलो आणि पहिल्याच घरासमोर ढोलकी सुरू केली. नाताळच्या नादात घराकडं कोणी नीट बघितलंच नाही. तारा लावलेला नव्हता, तेही दिसलं नाही. दोन गाणी पूर्ण झाली. मग घरातला म्हातारा बाहेर आला, हात जोडले, आमच्या मंडळीत म्हणतात तसं म्हणाला, "सलाम. या, चहा घ्या." आत गेलो तर भिंतीवर कोवळ्या पोरीचा फोटो, फोटोला हार. सून होती. आठ दिवस झाले होते. त्या माणसानं आम्हाला एका शब्दानं दोष दिला नाही. चहा दिला. तो चहा मी कसा प्यालो ते मलाच ठाऊक.

परत येताना टेम्पोतच मी नियम सांगितला. चर्चच्या पाळकांकडून वर्षभरातल्या मयतांची घरं विचारून घ्यायची. तिथं गाणं नाही. ढोलकीला टॉवेल, म्हणजे चुकूनही हात लागायला नको.

बायको म्हणाली, "हे चुकीचंय. रडणं झालंय त्याच घरी गाणं पाहिजे."

"तो फोटो बघितलास ना?"

"बघितला. म्हातारा दुसऱ्या गाण्याला दाराआड उभा राहून म्हणत होता आमच्यासोबत. तुम्ही ढोलकीत होतात, तुम्हाला दिसलं नाय."

"तुला काहीपण दिसतं," मी म्हणलं. बाकीच्यांनी माझं ऐकलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. पण अशा घरासमोर प्रार्थना चालू असताना डोळे मिटायची नाही, सरळ दाराकडं बघत राहायची.

बायकोची मूत्रपिंडं गेली होती. तिच्याच दवाखान्यात वीस दिवस होती. गेली तेव्हा मी चहा आणायला खाली गेलो होतो. वर आलो तर नर्स म्हणाली, बाबा, बसा. मी बसलो. दोन्ही कप हातात होते. माझा कप मी पिऊन टाकला. तेव्हा रडू आलं नाही, पुरताना आलं नाही, नंतरही नाही. लोक भेटले की माझ्या डोळ्यांकडं बघतात. तिथं काही सापडत नाही तर त्यांचाच चेहरा पडतो.

गुलमंडीच्या बाजारातून मी एकदा दिव्यांची माळ आणली होती. बटण दाबलं की छोट्या डबीतून पीं पीं करत नाताळच्या इंग्रजी चाली वाजायच्या, सहा, एकीमागून एक. बायको म्हणायची, कानात डास शिरल्यासारखं वाटतं, बंद करा. मला लई आवडायची. यंदा दारावर तारा लावला नाही, दुखवट्याच्या घरी लावत नाहीत. पण डिसेंबर लागल्यावर मी ती माळ काढली, मागच्या खोलीत नेली, दार लावून चालू केली. सहाही चाली ऐकल्या. परत एकदा ऐकल्या. पोटात काही हललं नाही. वायर गुंडाळून ठेवून दिली.

ती गेली हे मला समजलेलं आहे. रात्रीतून उठून तिला शोधतो वगैरे असलं काही माझं नाही. पण गाणंही तिच्यासोबत गेलं का, हे समजत नव्हतं. मला जगात ही एकच गोष्ट मनापासून आवडायची. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाला नवीन काही आवडायला लागत नाही. गाणं गेलं असेल तर मग राहिलं काय, दोन वेळचं जेवण आणि झोप. तेवढंच मला बघायचं होतं, दुसरं काही नाही.

दुखवट्याच्या घरी तळणही करत नाहीत. शेजारपाजारचे आणून देतात. कोणी कोणाला विचारत नाही, त्यामुळं सगळ्यांनी चकल्याच दिल्या. सात डबे. फेरीच्या रविवारी मी त्या सात डब्यांसमोर बसलो होतो. चारच्या सुमाराला दारात पायांचा आवाज आला.

फेरी आता माझ्या साडूचा मुलगा चालवतो. बायकोच्या सख्ख्या बहिणीचा. वय चाळीसच्या पुढं, सरकारी नोकरी. मावशीवर त्याचा जीव होता. मागं बाकीची मंडळी. माझी ढोलकी, ऑगस्टातच त्याच्याकडं दिलेली, त्यानं काखेत धरली होती, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत टॉवेल गुंडाळलेली. पिवळा टॉवेल. गाठ नीट मारलेली.

"सलाम काका. प्रार्थना करून निघतो."

"बसा की."

"नको. अजून नऊ घरं आहेत."

त्यांनी डोळे मिटले. दुःखी भावाचं सांत्वन कर, असं काहीबाही चाललं होतं. मी डोळे उघडे ठेवून त्या टॉवेलाकडं बघत होतो. तीस वर्षं मी हे दुसऱ्याच्या दारात केलं होतं. दाराच्या आतून ते कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. लहान लेकराचं मयत घेऊन माणसं उभी राहावीत तसं दिसतं.

आमेन झालं. ते वळले.

"का रे," मी म्हणलं, "मुके झालात का सगळे?"

भाचा थांबला. "काका, नियम आहे ना."

"कोणाचा नियम?"

"तुमचाच की."

"मग मीच सांगतोय. म्हणा."

फेरीत माझ्याच गल्लीतली एक म्हातारी आहे, टाळ वाजवते. ती म्हणाली, "अवं भाऊ, वर्षबी झालं नाय. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी सात डबे चकल्या दिल्यात. तोंडात घाला म्हणावं एकेक, म्हणजे बोलणं बंद होईल."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. भाच्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग गाणं सुरू केलं. पाळणाच होता. पण मला वाईट वाटू नये म्हणून सगळे इतकं हळू, इतकं खाली म्हणायला लागले की ते बाळ जन्माला यायच्या आधीच गेल्यासारखं वाटावं.

"थांबा," मी म्हणलं. "हे नाताळचं आहे का मयताचं? आण ती इकडं."

मी ढोलकी घेतली. गाठ सुटेना. माझ्यासारखीच मारली होती त्यानं, मीच शिकवलेली. शेवटी दातानं सोडवली. टॉवेल खांद्यावर टाकला आणि उंबऱ्यावर बसून ठेका धरला. हातांना सगळं येत होतं. हातांना कोणी काही कळवलेलंच नव्हतं. मंडळींचा आवाज वर आला, टाळ मोकळे झाले, समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. पहिलं कडवं चांगलं झालं.

मग दुसरं कडवं आलं आणि कोणी उचललं नाही.

प्रत्येकाला वाटलं दुसरा उचलेल. भाचा हार्मोनियमवाल्याकडं बघतोय, हार्मोनियमवाला म्हातारीकडं. मी मान वर केली, सवयीनं, डाव्या हाताला, ती उभी राहायची तिकडं. तिथं पाण्याचं पिंप होतं. ठेका थांबवला असता तर गाणं तिथंच मेलं असतं, म्हणून मी वाजवत राहिलो. एक आवर्तन, दुसरं, तिसरं. नुसती ढोलकी. कोणी हलत नव्हतं. चौथ्याला हार्मोनियमवाल्यानं तोंड उघडलं. तो जन्मात कधी गायला नव्हता. भलत्याच सुरात चढला आणि मध्येच चिरकला. पण चढला. बाकीचे त्याच्या मागून गेले.

गाणं संपलं. मला काही वाटलं का? नाही. खोटं कशाला लिहू. पोटात काही हललं नाही. फक्त ती तीन आवर्तनं संपू नयेत असं वाटत होतं आणि लवकर संपावीत असंही वाटत होतं. तळहात लाल झाले होते आणि दुखत होते. ऑगस्टनंतर पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं.

"पुढच्या घरी येता का?" भाच्यानं विचारलं.

मी चप्पल घातली.

पुढचं घर दोन गल्ल्या सोडून. तिथंही यंदा मयत झालेलं. एका बाईचा तरणा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला होता, दिवाळीच्या सुमाराला. भाच्यानं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, पण गुंडाळेना. माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मंडळी पण बघत होती. त्यांना वाटलं आता नियम मोडलाच आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. बायको असती तर सरळ सुरू केलं असतं तिनं.

मी ढोलकी त्याच्या हातात दिली आणि एकटा दारापर्यंत गेलो. बाई आतच होती, तांदूळ निवडत.

"बाई, फेरी आलीय. गाणं म्हणू का नको?"

ती बघतच राहिली. हे तिला कोणी विचारलं नसावं. आम्ही तरी तीस वर्षांत कोणाला कुठं विचारलं होतं? मी ठरवलं, नाही म्हणायचं. बायकोनं ठरवलं, म्हणायचं. घरातल्या माणसाला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. बाहेर मंडळी पाय बदलत उभी होती.

"नको भाऊजी," ती म्हणाली. "मला नाय सोसायचं."

"बरं."

मी मागं वळून हात हलवला. भाच्यानं टॉवेल गुंडाळला. आम्ही प्रार्थना केली, ती दारात उभी राहिली, आमेन म्हणाली आणि आम्ही निघालो. पुढच्या आठ घरी मी वाजवलं. तिथं मयत नव्हतं, तिथं विचारायचा प्रश्न नव्हता. तिथं चहा होता. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कडव्याला तोच घोळ झाला, कधी हार्मोनियमवाला, कधी म्हातारी, एकदा तर दोघं एकदम, दोन वेगळ्या सुरांत.

परत येताना भाचा म्हणाला, "काका, नाताळच्या उपासनेला वाजवणार ना?"

"वाजवतो," मी म्हणलं. "पण दुसरं कडवं कोण उचलणार ते आजच ठरवा. एकच माणूस. आणि तो माझ्या उजव्या हाताला उभा करा."