जनामामाचं हाय-नाय

टेनिस कोर्टामागच्या घाणेरीच्या झुडपांत एक बॉल शोधायला जावं, तर परवाचे, तेरवाचे मिळून चार हाताला लागतात. आयरिसबाईंच्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगायला बसलो की उरलेल्या मागून येतातच. बायको म्हणते, "झालं सुरू!" होऊ दे की! अख्ख्या तारापूर एमआयडीसीत विलायतेची खरीखुरी टेनिस प्लेयर राहिली ती आमच्या मिलच्या कॉलनीत, आणि क्लबचा सेक्रेटरी होतो मी. मी नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाईंचा नवरा आमच्या मिलमध्ये नवी मशिनं बसवायला दोन वर्षांसाठी बोईसरला आला होता. बाई पंचेचाळिशीच्या, पंधरा वर्षं पोटापाण्यासाठी टेनिस खेळून रिटायर झालेल्या. पहिल्या दिवशी रॅकेट घेऊन जीपमधून उतरल्या. कोर्टावर आमचा जनामामा रेषा मारत होता. जवळच्या मुरबे गावचा कोळी, कोर्टाची सगळी देखभाल त्याच्याकडे. चुन्याचा डबा खाली ठेवून, हात जोडून तो अदबीनं म्हणाला, "बाय!"

बाई गोंधळल्या आणि परत जीपमध्ये जाऊन बसल्या!

मला धावत जाऊन सांगावं लागलं, की बाई, इकडे बाईमाणसाला मानानं 'बाय' म्हणतात, कोणी तुम्हाला हाकलत नाहीये.

* * *

आमचं नेट फाटलेलं. मुंबईहून नवं यायला महिना लागणार होता. जनामामा म्हणाला, "जालं तर जालं! आमी काय मेलोय?" आणि दोन दिवसांत घरून जाळं विणून आणलं. असं घट्ट, असं देखणं, की बाईंनी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, एवढं सुंदर नेट मी जन्मात पाहिलं नाही. माझीच छाती फुगली, जसं काही मीच विणलंय.

पण जाळं माशांच्या हिशोबानं विणलेलं. तिसऱ्याच गेमला आमच्या मॅनेजर पाटीलसाहेबांचा बॉल सणसणत गेला आणि जाळ्याच्या भोकात, आसात, अडकून बसला! इकडेही नाही, तिकडेही नाही. आता पॉइंट कोणाचा? सगळे रूलबुक शोधायला लागले.

जनामामा शांतपणे गेला, बॉल उपसला आणि खिशात टाकत म्हणाला, "जाल्यात अडकला तो जालंवाल्याचा!"

* * *

पाटीलसाहेब कॉलेजचे चॅम्पियन. हे ते स्वतःच सांगायचे, रोज. एका रविवारी त्यांनी बाईंना मॅचला बोलावलं. सहा-शून्य, सहा-शून्य! साहेब घामाघूम होऊन बाकावर टेकले. मी आपला धीर द्यायला म्हटलं, "साहेब, आज तुमचा हात बरा नव्हता वाटतं?"

"माझा कसला? बाईंचा! उजवा खांदा दुखत होता म्हणून डाव्यानं खेळत होत्या!"

* * *

बाईंना स्वतःचं कौतुक सांगायची सवय नव्हती. एकदा चहा पिताना मीच खोदून खोदून विचारलं. म्हणाल्या, "बारा देशांत खेळले. बाराही देशांत हरले." आणि खळखळून हसल्या.

मग हळूच सांगितलं. सात वेळा फायनलला पोचल्या होत्या, सातही हरल्या. कपाटात एकसुद्धा कप नाही. "आठवी मिळाली असती तर," एवढंच म्हणाल्या.

मी जनामामाला सांगितलं, तर तो कळवळला. "सात येला होडी बंदरात येऊन बुडाली? अरे देवा!" त्या दिवसापासून बाईंना कप मिळालाच पाहिजे, हा त्याचा ध्यास झाला. कोर्टाला पाणी मारतानासुद्धा तो पुटपुटत असायचा.

* * *

लाइनवर जनामामाच उभा राहायचा. नजर घारीची. पण 'इन', 'आऊट' त्याच्या तोंडात बसेना. बॉल आत पडला की ओरडायचा, "हाय!" बाहेर गेला की, "नाय!"

सुरुवातीला तो "हाय!" ओरडला की बाई खेळ थांबवून, हात हलवून, हसून म्हणायच्या, "हाय!" तोवर पुढचा बॉल कानाजवळून जायचा. पुढे समजलं. मराठी शिकल्या त्या एवढीच, दोन शब्द. त्यावर बाजारसुद्धा करायच्या. भाजीवालीसमोर टोमॅटो उचलून "हाय?" आणि भाव ऐकून "नाय!"

* * *

बाईंचा मुक्काम संपत आला तेव्हा आम्ही ओपन स्पर्धा ठेवली. बाई फायनलला. समोर मुंबईच्या क्लबची वीस वर्षांची पोर, पायाला चाकं लावल्यासारखी पळणारी. सगळी कॉलनी लोटली. जनामामाच्या घरची माणसं मुरब्याहून आलेली. अंपायरच्या खुर्चीत मी, बाईंच्या मागच्या रेषेवर जनामामा.

तिसरा सेट. बाईंचा मॅचपॉइंट! आठवी फायनल, एक बॉल फक्त. मुंबईच्या पोरीनं उंच, लांब बॉल मारला. बाईंनी तो सोडून दिला. बॉल मागच्या रेषेवर पडला आणि चुना उडाला, म्हणजे बॉल आत, पॉइंट पोरीचा. मला दिसला, हो. सगळ्यांना दिसला.

जनामामानं बाईंकडे पाहिलं. मग डोळे मिटून तो ओरडला, "नाय!"

एकच जल्लोष! पाटीलसाहेब कप उचलून उभे राहिले. मीही, देवाशपथ, "गेम, सेट, मॅच" म्हणून मोकळा झालो. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

बाई वळल्या. रेषेपाशी गेल्या, वाकल्या. फुटलेल्या चुन्याकडे त्यांनी बोट केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाय."

"बाई, निकाल दिलाय!"

"हाय!"

ड्यूस झाला, म्हणजे परत बरोबरी. पुढचे दोन्ही पॉइंट गेले, तो गेम गेला आणि मागोमाग मॅचही गेली. कप मुंबईला गेला. टाळ्या मात्र अशा वाजल्या, की ती पोर कप हातात घेऊन स्वतःच बाईंसाठी टाळ्या वाजवायला लागली.

जनामामा घाणेरीपाशी तोंड फिरवून उभा होता. बाई त्याच्याजवळ गेल्या. त्यानं मान वर केली नाही. "बाय, चूक झाली माजी. खोटा बोललो, नि कपबी नाय."

बाईंनी त्याचा चुन्यानं माखलेला हात आपल्या हातात घेतला.

"कप नाय, जनामामा," त्या म्हणाल्या. "बाय हाय!"