मोहरीएवढी अफू

दादा पोलिसांत मोठ्या हुद्द्यावर गेला आणि पुढं देशभरातली नशेची तस्करी रोखणाऱ्या खात्याचा प्रमुख झाला. कळमनुरीत सत्कार झाला तेव्हा भाषणात तो म्हणाला, आमच्या घरात सुपारीच्या खांडालाही कुणी शिवलेलं नाही. शेजारी बसलेल्या मायनं मला चिमटा काढला आणि पदरात तोंड लपवून हसली.

घरी आल्यावर तिनं कारण सांगितलं. दादा तान्हा असताना ती लोकांच्या रानात निंदायला जायची. लेकरू रडत राहिलं की रोजगार बुडायचा. म्हणून मोहरीएवढी कडू अफू अंगावरच्या दुधात उगाळून ती त्याला चाटवायची आणि झाडाच्या झोळीत निजवून कामाला लागायची. तेव्हा बऱ्याच बाया तसं करायच्या. त्यानंतर मी दादाला चिडवायचे, साहेब, आधी स्वतःला अटक करा. तोही पोट धरून हसायचा.

मग मायच्या हाडांत कॅन्सर उतरला. गोळ्या, सुया, कशालाच ठणका दाद देईना. डॉक्टर म्हणाले, आता अफूपासून बनणारं मॉर्फिनच हवं, पण परवान्याची कटकट आणि चौकशीची धास्ती, म्हणून इकडं कुणी ते ठेवत नाही. बोलताना त्यांनी दादाकडं बघायचं टाळलं. दादा रजेवर आला होता. त्यानं रीतसर चिठ्ठी देऊन माणूस नांदेडला पाठवला. मी भडकले. म्हटलं, सगळा देश तुला घाबरतो, एक फोन कर की. तो म्हणाला, माझ्या आईला वेगळा कायदा नाही. मी म्हटलं, मग हा कायदा करताना कुणाच्याच आईचा विचार केला नाही का?

दुपारी मायनं त्याला जवळ बोलावलं.

"तुला निजवाया मी चाटवली व्हती. आता मला चाटव, लेकरा."

दादा उठून आत गेला. वाटीत दूध आणलं, करंगळी बुडवून तिच्या ओठांवर ठेवली. मायनं चाटलं.

"हे कडू न्हाई रे," ती म्हणाली.

नांदेडहून औषध आलं तेव्हा बाया मायला शेवटची आंघोळ घालत होत्या. दादा ती बाटली मुठीत धरून अंगणात उभा होता आणि मोठ्यानं रडत होता. त्याला गप करायला कुणी उरलं नव्हतं.