दोन खुंटांची सोनूबाई

हरेश्वर सरपाटलाचं राज्य केवढं होतं म्हणाल, तर बंदरावर उभं राहून हात लांब केला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मावेल एवढं. समुद्रात रोवलेले बारा खुंट, म्हणजे डोल जाळी बांधायचे लाकडी खांब. कोणत्या खुंटावर कोणी जाळं लावायचं हे सांगायचा हक्क. आणि नारळी पुनवेला दर्याला पहिला नारळ वाहायचा मान. बस्स. पण सरपाटील कोळीवाड्यातून असा चालायचा, की जणू भरतीसुद्धा त्याला विचारून येते. डोक्यावर तांबडं पागोटं. सात पिढ्यांचं, असं तो सांगायचा. त्या पागोट्याला घाम, खोबरेल आणि उंदीर यांचा मिळून एक वास यायचा, हे मात्र घरात एकट्या सोनूबाईला ठाऊक. ते उन्हात टाकायचं काम तिच्याकडं होतं.

सोनूबाई त्याची थोरली लेक. लग्नाच्या बायकोला सोनूनंतर मूल होईना, म्हणून सरपाटलानं ठमी नावाची एक विधवा पाट लावून घरात आणली. ठमीला काळूराम झाला. आणि लगेच दोन वर्षांनी लग्नाच्या बायकोला अंबाजी झाला, तो जन्मतानाच आईला घेऊन गेला. आठ वर्षांच्या सोनूनं अंबाजीला कडेवर वागवला, त्याचा शेंबूड पुसला.

सत्तेचाळीस साली खाडीपलीकडच्या कोळीवाड्याशी दोन खुंटांवरून भांडण पेटलं. वल्ह्यांनी डोकी फुटली. मग मोठी माणसं मध्ये पडली आणि तह झाला. पलीकडच्या गुणाजीनं दोन खुंट सोडायचे, सरपाटलानं त्याला लेक द्यायची. गुणाजी छत्तीस वर्षांचा बिजवर, सोनू चौदाची. बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांमागं उभी राहून तिनं सगळं ऐकलं आणि सरळ पुढ्यात गेली.

"बा, मला इचारलंस?"

"तुला काय इचारायचं?" सरपाटील हसला. "खुंटाला इचारतात काय, कनच्या पाण्यात रोवू तुला?"

बसलेले सगळे हसले. गुणाजीही हसला. त्याच्या दातात माशाचा काटा अडकला होता, तो तिथंच नखानं काढत होता. सोनूनं तो काटा आयुष्यभर लक्षात ठेवला.

तेव्हापासून चौलच्या बाजारात तिचं नाव पडलं ते पडलंच. "काय गो दोन खुंटांची, सोडे कसे दिलेस?" बायका विचारायच्या. सोनूबाई म्हणायची, "तुला फुकट देते, दोन खुंट घेऊन ये." हसायची, हसवायची, आणि घरी आली की अंग घासघासून धुवायची.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जंजिऱ्याची नवाबी गेली. देशातली संस्थानं एकेक करून विरघळली. कोणीतरी सरपाटलाला छेडलं, "आता तुमचं कसं व्हायचं, राजे?" तर म्हणाला, "ते जमिनीवरचं राज. आमचं पाण्यात हाय. पाण्यावर सही कुठं करणार?"

आणि खरंच, ते राज्य टिकलं. पार एकसष्टच्या श्रावणापर्यंत.

नारळी पुनवेला चार दिवस राहिले असताना सरपाटील पहाटे मेला. खाडी खवळलेली, त्यामुळं सांगावा पोचायलाच संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूबाई गुणाजीबरोबर होडीनं खाडी उतरून आली. वाटेत मनाशी म्हणत होती, बरं झालं, सगळं उरकलं असेल, राख बघायची आणि परतायचं.

उंबऱ्यावर पाय ठेवला आणि वासानं ती मागं सरली. माशांत जन्मलेली, माशांत वाढलेली बाई. सडलेला जवळा हातानं उपसलेला. पण हा वास तसा नव्हता. बाप अजून ओटीवरच होता. पोट फुगलेलं, ओठ काळे. आणि कोणा शहाण्यानं प्रेताच्या दोन्ही अंगांना खडेमीठ पसरलं होतं. खारवायच्या माशाला घालतात तसं.

"हे काय हाय?" ती ओरडली. "अजून उचलला न्हाय?"

"कसा उचलणार?" पंचांतला सगळ्यांत म्हातारा तुकाराम खेकसला. "पागोटं कोणाच्या डोक्यावर बांधायचं ते ठरल्याबगर सरपाटलाची तिरडी हलत न्हाय. रीत हाय. तुला ठाव न्हाय काय?"

ठाऊक होतं. प्रेताच्या उशाशी पाटावर पागोटं ठेवायचं, पंचांनी ते वारसाच्या डोक्याला बांधायचं, मग त्यानं अग्नीचं मडकं धरायचं. पागोटं पाटावर होतं. पंच अंगणात होते. शेजारून आलेला चहा आणि पाव चालला होता. एक हिरवी माशी सरपाटलाच्या ओठावरून उठली, अंगणात गेली आणि तुकारामाच्या पावावर बसली. त्यानं ती हातानं उडवली आणि पाव चहात बुडवून तोंडात घातला.

"काळूराम वयानं थोरला," तो चावता चावता म्हणाला, "पर पाटाच्या बायकोचा. अंबाजी लग्नाच्या बायकोचा, पर धाकला. मोठा पेच हाय."

"पेच कालपासून हाय, तात्या," सोनूबाई म्हणाली. "आणि बापूस कालपासून फुगतोय."

"बाय, तूच सांग आता," अंबाजी पुढं आला. "तुज्या लग्नात बा म्हणाला व्हता ना, पागोटं अंबूला?"

"खोटं!" काळूराम उसळला. "मला म्हणाला व्हता. ताडी पितानी. धा वेळा म्हणाला व्हता."

ठमी आतून बाहेर आली. डोळे कोरडे, आवाज चढा. "माजा काळू जलमला तवा ह्याच पागोट्यात गुंडाळला व्हता त्याला!"

"तरीच," सोनूबाई म्हणाली. "मुतला असंल त्यात. वास कुठून येतो ते आज कळलं."

कोणी हसलं नाही. पंचांचा आणि भावांचा वाद चालूच. एकानं म्हणावं नारळ तुझा, खुंट माझे. दुसऱ्यानं म्हणावं वर्षाआड. तिसऱ्यानं आज्याच्या वेळचा दाखला काढावा आणि चौथ्यानं तो आजाच मुळात खरा वारस नव्हता म्हणून सांगावं. ओटीवर मीठ विरघळत होतं. त्याचं पाणी ओघळून पाटापर्यंत आलं होतं. सोनूबाईनं पाट पायानं बाजूला सारला.

अंबाजीनं तिला पडवीत ओढलं. "बाय, पंच तुजं ऐकतील. थोरली तू हायस. माज्याकडून बोल. ते दोन खुंट मी दाजींना परत देतो. दर्याची आण."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. हाच तो कडेवरचा. आजही नाक वाहत होतं, फक्त आता मिशीत वाहत होतं.

ती वळली, तर मागं गुणाजी. त्याच्याही डोळ्यांत लकाकी. कानाशी लागून म्हणाला, "काळूरामानं मला बाजूला घेतला व्हता. तो तीन म्हणतो. तीन गो! आणि वयानं तोच थोरला हाय की. न्यायाचंच बोलायचं हाय तुला."

चौदा वर्षांत भाव एका खुंटानं वाढला होता. पदर कमरेला खोचून सोनूबाई चुलीकडं गेली, पाणी गरम केलं, हंडा उचलून ओटीवर आणला.

"सगळे बाहेर व्हा. बापसाला आंघोळ घालते."

"अगो, ते काम बाप्यांचं," तुकाराम म्हणाला.

"मग या. धरा. कोण धरतंय?"

दोघे भाऊ नाकाला उपरणं लावून भिंतीला चिकटले. तुकारामानं खाली पाहिलं. सोनूबाईनं एकटीनं मीठ झाडलं. हाताला कातडं निसटल्यासारखं लागलं, तरी तिनं हात काढला नाही. बापाबद्दल तिच्या मनात माया नव्हती. चौदा वर्षं शोधून सापडली नव्हती. पण माणूस आहे तर माणसासारखा जळू दे, एवढंच तिला हवं होतं. खारवलेला मासा म्हणून नको. तिनं त्याला पुसला, नवं धोतर गुंडाळलं. आणि मग पाटावरचं पागोटं उचललं.

काळूराम एक पाऊल पुढं आला. अंबाजीही.

सोनूबाईनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पागोटं त्याला बांधायला सुरुवात केली. रोज सकाळी तो कसा बांधायचा ते तिनं लहानपणी हजारदा पाहिलं होतं. डोकं कलंडायचं, फेरा सुटायचा. ती पुन्हा बांधायची. शेवटचं टोक तिनं हनुवटीखालून काढून गच्च गाठ मारली.

"काय केलंस गो, राक्षसिणी!" तुकाराम किंचाळला. "मेल्याच्या अंगाचं वस्त्र जित्यानं घालायचं न्हाय! आता ते कोणाच्या कामाचं?"

"घाला की," ती म्हणाली. "ज्याला सरपाटील व्हायचं हाय त्यानं यावं, गाठ सोडावी, घालावं. मी न्हाय अडवत."

अंबाजी वाकला. हात गाठीपर्यंत गेला. तांबड्या कापडातून पिवळसर पाणी वर येत होतं. त्यानं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला. काळूरामानं तेवढंही केलं नाही.

मग तुकाराम उठला. "उचला," म्हणाला.

मडकं दोघांनी मिळून धरलं, एकेका बाजूची दोरी एकेकाच्या हातात. पावलं जुळेनात, मडकं हेलकावत, निखारे सांडत गेलं. वाटेतही भांडण चालू होतं, पुढं कोणी चालायचं यावर. बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून सोनूबाई उंबऱ्यातूनच बघत राहिली. ओल्या लाकडांचा धूर वर आला, तेव्हा तिनं ओटी शेणानं सारवायला घेतली.

"धा दिस बसायचं असतं लेकीनं," ठमी म्हणाली. "आणि पागोटी काय, नवी आणता येतील. रेवदंड्याला माणूस धाडलाय. दोन सांगितलीत."

सोनूबाईनं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि बंदराकडं चालू लागली.

होडी सुटली. खाडी आता शांत झाली होती. गुणाजी वल्हं मारत होता, घुश्शात. मध्यावर आल्यावर त्याला राहवेना.

"एक शबूद बोलली असतीस तर तीन खुंट आपलं व्हतं. एक शबूद गो! बापूस तर काय, आज ना उद्या जळलाच असता."

प्रेत पुसताना सोनूबाईला उमासा आला नव्हता. तो आता आला. होडीच्या कडेला ओणवी होऊन ती ओकली, पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिली.

"वारा लागला व्हय?" गुणाजीनं विचारलं.

तिनं खाडीचं पाणी ओंजळीत घेऊन तोंड खळखळून धुतलं.

"तू वल्हं मार," ती म्हणाली.