फॉर्म तिचा, नंबर माझा

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही संगीताला ओळखत नाही.

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर पदवीखाली कॉलेजचं नाव आहे — मुंबईतलं, नावाजलेलं. लोक ते वाचतात आणि जरा अदबीनं बोलायला लागतात. मला ते आवडतं. अजूनही आवडतं — हेच तर!

संगीता आणि मी वडीगोद्रीच्या, एकाच गल्लीतल्या. नीटचा अभ्यास दोघींनी आमच्या खोलीत केला. फिजिक्स तिनं मला शिकवलं. मी तिला काय दिलं? माझा मोबाइल नंबर. तिच्या घरात फोन एकच, तो वडील पंक्चरच्या दुकानात घेऊन जायचे. म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर तिनं माझा नंबर घातला. आमच्याकडे हे सर्रास चालतं, भरवशावर.

गुणवत्ता यादीत ती माझ्या वर होती. चार मार्कांनी — चार! पहिली पसंती दोघींची तेच कॉलेज, प्रवर्गही एकच. आणि आदल्या वर्षीचा कटऑफ बरोबर माझ्या मार्कांपाशी येऊन थांबलेला.

मग एका दुपारी तिच्या नावाचा मेसेज आला. रहिवासी दाखल्याचं स्कॅन अस्पष्ट आहे, उद्या पाचपर्यंत परत अपलोड करा, नाहीतर अर्ज बाद. दहा मिनिटांचं काम. ती समोरच्या अंगणात भांडी घासत होती. हाक मारायची, बस. मी मेसेज पुसून टाकला. भूक लागली होती, चिवडा खाल्ला.

संध्याकाळी ती आली. रोजच यायची. “आला का गं काही मेसेज?”

“न्हाई,” मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी चार वाजता परत विचारलं तिनं. परत तेच म्हणाले.

तिचा अर्ज बाद झाला. त्या कॉलेजातली आमच्या प्रवर्गातली शेवटची जागा मला मिळाली. ती नसती मिळाली, तर दुसरं सरकारी कॉलेज मिळालंच असतं. डॉक्टर मी तरीही झाले असते. मला ते नाव हवं होतं, एवढंच. तिला मात्र घरच्यांनी आणखी एक वर्ष परीक्षेला बसू दिलं नाही.

आता ती हायवेला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं सेंटर चालवते. गावी गेले की तिच्याकडे चहा होतो. परवा फॉर्म भरायला आलेल्या दोन पोरींना ती माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, “ही रोज माझ्यासाठी फोन बघायची. पर त्या दिवशी रेंजच गेल्ती गावातली, मेसेज पोचलाच न्हाई. मंग हिचा काय दोष?”

मी मान हलवली. चहा संपवला.

रेंज गेली नव्हती. फोन माझ्या हातात होता, आणि रेंज पूर्ण होती.